एकोणिसावं पान

अठरा पानं इंग्रजीत दिलीत, रीम.
सह्या, शिक्के, बँकांचे पत्ते, परवान्यांच्या तारखा.
हे एकोणिसावं मराठीत आहे,
म्हणजे तुला वाचता येणार नाही.
म्हणूनच लिहिते.

सजाच्या गोदामाची किल्ली डावीकडे फिरते.
सजा, तुझ्यासाठी शारजातल्या एका भागाचं नाव,
माझ्या कानाला बावीस वर्षं दुसरंच काही.
दुपारी कुलूप इतकं तापतं की
कुंजुमोन ते रुमालात धरतो. तूही धर.
आत तंबूंच्या गठ्ठ्यांना नव्या चपलेचा वास येतो.
पहिली दोन वर्षं मला तो
चांगुलपणाचा वाटायचा.

उम्म खलफान दर शाबानमध्ये येतील.
गाडीतून उतरणार नाहीत. काच चार बोटं खाली,
आणि पाकीट.
पावतीसाठी नाव विचारू नकोस.
मी एकदा विचारलं. म्हणाल्या,
ज्याला कळायला हवं त्याला कळलंय.
काच वर गेली.
दुसरे एक आहेत, त्यांना मुलांचे फोटो लागतात,
हसरे, पाठीमागे फलक दिसेल असे.
दोघांच्याही पैशांनी विहीर सारखीच खोल जाते
हे मान्य करायला मला अकरा वर्षं लागली.

विहिरीवरून आठवलं.
अहवालात चाळिसाव्या पानावरची, नायजरमधली.
पाणी आहे तिला. पण ती मुखियाच्या दारात आहे,
बायका अजून जुन्याच वाटेने जातात.
फोटोत मला ते दार दिसलं होतं.
तरी सही केली.
सुदानला भर जूनमध्ये अठरा हजार ब्लँकेटं धाडली, तीही मीच.
लोकांनी ती काठ्यांवर ताणून सावली केली.
मी लिहिलं, बहुउपयोगी.

माझ्या वडिलांचं देवरूखला रेशनचं दुकान होतं.
माप भरलं की ते वरून पट्टी फिरवत,
शीग उतरवत.
उतरलेले दाणे कुठे जातात ते आम्हाला माहीत होतं,
आम्ही ते जेवत होतो.
प्रशासकीय खर्च सात टक्के, रीम.
त्यात माझा अल नहदाचा फ्लॅट,
मुलाची फी, हा चष्मा.
जिनिव्हाला, अम्मानला, परिषदांत टाळ्या वाजल्या
की मला पट्टी ऐकू यायची.

एक नोंद तुला खटकेल.
मार्च महिना, वाहतूक, इतर, चार हजार दोनशे दिरहम.
गोदामासमोरच्या बांधकामावरचा पोशट्टी,
निजामाबादकडचा.
पाळी संपवून झोपला तो उठलाच नाही.
कंपनीचा मालक फोन उचलेना.
आपल्या घटनेत आहे, मदत फक्त देशाबाहेर.
मी म्हटलं,
तो देशाबाहेरच तर चाललाय.

वर्षअखेरीला हद्दादसाहेबांचं पेन त्या ओळीवर थांबलं.
माल काय होता?
मी गप्प.
वजन?
एकसष्ट किलो. पेटी धरून ब्याण्णव.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पोचल्याची पावती?
होती. त्याच्या बायकोचा अंगठा,
शाई जरा पसरलेली.
त्यांनी पान उलटलं.

त्या दिवशी शीग भरली की मोडली
मला अजून कळलेलं नाही.
गेल्या महिन्यात पुरस्कार मिळाला तेव्हा
भाषणात यातलं काहीच नव्हतं.
काचेचा आहे, जड. तुझ्या टेबलावरच ठेवलाय,
कागद उडत नाहीत.

आणखी एक. तिसऱ्या रांगेत, खालच्या तंबूंमागे
मांजर व्यालीय.
ते गठ्ठे एवढ्यात पाठवू नकोस.
तिच्या दुधाचे पैसे स्टेशनरीत लाव.
मी तसंच लावत आलेय.